डॉजचं काळं टप

दगडू सारमळकर गाड्यांच्या गाद्या शिवतो. परळला एका जुन्या गोदामाच्या कडेला त्याचा गाळा आहे, आठ बाय दहाचा. आत शिलाई मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, चिकटवायच्या सोल्युशनचे डबे आणि या सगळ्यातून उरलेल्या जागेत दगडू. चाळीस वर्षं त्याने हेच काम केलं. माणूस शांत, कामाला पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात. डिलाईल रोडच्या चाळीत त्याला सगळे देवमाणूस म्हणतात. फक्त त्याच्या बायकोला, शेवंतीला ठाऊक आहे की या देवमाणसासमोर ॲलिस्टरचं नाव काढलं की त्याच्या कपाळाची शीर उडायला लागते.

ॲलिस्टर माहीमचा. तोही हेच काम करतो. दोघं एकाच वयाचे, एकाच गुरूचे. गिरणी बंद पडून वडील घरी बसले तेव्हा सतरा वर्षांच्या दगडूला शेजारच्यांनी ग्रँट रोडला ज्यो मास्तरांच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. महिन्याभराने मास्तरांचा भाचा तिथे आला, तो हा ॲलिस्टर. मास्तर हाडाचे कारागीर. मोठ्या टेबलावर कोरं रेक्झिन अंथरलं की ते हाक मारायचे, "ॲलिस्टर!" आणि फाटकं, उसवलेलं, उंदरांनी कुरतडलेलं काही आलं की, "दगडू!" अशी आठ वर्षं गेली. मास्तरांचे डोळे अधू झाले, त्यांनी कारखाना आवरला, तेव्हा जर्मन मशीन आणि मोठी कात्री भाच्याकडे गेली. दगडूला वाकड्या सुयांची एक पत्र्याची डबी मिळाली. "तुला हीच कामाची," मास्तर म्हणाले. दगडूने डबी घेतली, पाया पडला, आणि परळपर्यंत चालत आला. बसमध्ये बसला असता तर लोकांसमोर रडू आलं असतं.

पुढे ॲलिस्टरचं नशीब फळफळलं. माहीमला काचेच्या दाराचं दुकान, एसी, बसायला गिऱ्हाइकांसाठी सोफा. जुन्या गाड्यांच्या मिरवणुका निघतात त्यात त्याने सजवलेल्या गाड्या असत, पेपरात त्याचा फोटो येई. दगडू दुपारचा चहा पिताना मोबाइलवर ते फोटो बघायचा. दोन बोटांनी ताणून मोठे करायचा आणि एखादा टाका तिरका गेलाय का ते शोधत राहायचा. चहा गार होई. टाका सरळच असे.

एकच गाडी अशी होती की जिच्या बाबतीत दगडूला वाटे, ही आपली. गिरगावातल्या जर्ट्रूड आंटीची डॉज. बहात्तर सालची, दुधी रंगाची, आणि वर काळ्या रेक्झिनचं टप. आंटीच्या नवऱ्याने, स्टीव्हने, हौसेने ते टप ज्यो मास्तरांकडून मढवून घेतलं होतं. स्टीव्ह जाऊन अकरा वर्षं झाली. गाडी वाडीतल्या लाकडी घरासमोर ताडपत्रीखाली उभी असायची. दर उन्हाळ्यात दगडू जाऊन टप पुसायचा, तेल द्यायचा, सुटलेली कड चिकटवायचा, आणि आंटीच्या हातचा गोड पाव खाऊन परत यायचा. मास्तरांच्या हातच्या शिवणीवरून बोट फिरवताना त्याला वाटायचं, हे तरी त्या माहीमवाल्याकडे गेलं नाही.

गेल्या सप्टेंबरात आंटीचा फोन आला. नात ॲलिसनचं डिसेंबरात लग्न होतं, आणि नवरी आजोबांच्या गाडीतून चर्चला जाणार असं ठरलं होतं. "पण टप बघ रे दगडू, कसं झालंय. हत्तीच्या कातडीसारखं. येऊन जा."

दगडू दुसऱ्याच दिवशी सकाळी गेला. वाडीत शिरला आणि जागीच थबकला. डॉजच्या बाजूला, पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर चढवलेला, ॲलिस्टर उभा होता.

"काय रे दगड्या," तो हसून म्हणाला. "बऱ्याच दिवसांनी."

"तू हिकडे कसा?"

उत्तर आंटीने दिलं. "मीच बोलावलं. चर्चमध्ये भेटला, म्हटलं तूही बघ. दोघं ज्योचीच पोरं ना तुम्ही."

दगडूच्या मनात आलं, अकरा उन्हाळे मी पुसलं, आणि चर्चमध्ये भेटला म्हणून हा! त्याने चपला काढल्या, स्टुलावर चढला आणि टप बघू लागला. उन्हाने रेक्झिन वाळून भेगाळलं होतं. उजवी शिवण हातभर उसवली होती. मधे दोन ठिकाणी हवा धरून फुगे आले होते. हे सगळं होण्यासारखंच होतं. मग त्याने मागच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात अंगठा दाबला. खालून बारीक आवाज आला. भाजलेला पापड मुठीत मोडावा तसा.

तो आवाज काय सांगतो हे दगडूला पुरतं माहीत होतं. टपाच्या कडेने ठोकलेल्या चकचकीत पट्टीच्या भोकांतून पाणी आत गेलं होतं. रेक्झिनखाली पत्रा गंजला होता, आणि वरवरचा नाही.

"सगळं काढायला लागेल आंटी," ॲलिस्टर खालून सांगत होता. "खाली गंज आहे. पत्रा दुरुस्त करू, नवीन रेक्झिन घालू. सेम काळं, सेम शिवण. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना," आंटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "स्टीव्ह दर रविवारी ते पुसायचा. ते काढून फेकायचं?" मग तिने वर बघितलं. "दगडू, तू काय म्हणतोस?"

ॲलिस्टरचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं होतं. दुसरा कुणी बोलला असता तर दगडूने मान डोलावली असती. पण ते ॲलिस्टर बोलला होता, तोही दगडूच्या गाडीबद्दल, त्याच्या मास्तरांच्या शिवणीबद्दल. दगडूच्या तोंडून निघून गेलं, "काढायचं कशाला? वाचेल की. फुगे बसवतो, शिवण धरतो, भेगा भरून रंग देतो. याला काय झालंय?"

"गंज?" ॲलिस्टरने विचारलं.

"वरचाच आहे. मी बघितलं दाबून."

आंटीने दोन्ही हात जोडून छातीशी धरले. काम दगडूला मिळालं. ॲलिस्टरने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, दगडूकडे क्षणभर नीट बघितलं आणि निघून गेला. त्याला पाठमोरा जाताना बघून दगडूला इतका आनंद झाला की त्याने आंटीकडे दुसरा कप चहा मागून घेतला.

पंधरा दिवस दगडू रोज गिरगावात जात होता. असं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. आधी साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पन्नास वर्षांचा मळ काढला. फुग्यांत इंजेक्शनच्या सुईने सोल्युशन सोडलं आणि वर ओलं फडकं ठेवून कोमट इस्त्रीने एकेक फुगा निजवला. उसवलेली शिवण मास्तरांच्याच भोकांतून, वाकड्या सुईने, एकेक टाका मोजून परत धरली. भेगा भरल्या. भरलेली जागा गुळगुळीत राहिली तर डोळ्यांत खुपते, म्हणून चांगल्या जागेवरून साचा घेऊन तिच्यावर तसाच चामड्यासारखा दाणा उठवला. शेवटी काळा रंग, कापसाने, तीन हात.

फक्त मागच्या कोपऱ्याला त्याने हात लावला नाही. तिथे नुसता रंग दिला आणि पट्टी घासून चकचकीत केली.

टप असं दिसू लागलं की वाडीतले लोक गॅलरीतून वाकून बघत. आंटीने टपावर गाल टेकला आणि डोळे पुसले. तिने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. ॲलिसनने फोनवरून "अंकल, यू आर अ मॅजिशियन" म्हटलं. दगडू घरी आला तो पाय हवेत. शेवंतीने त्या दिवशी बांगड्याचं तिखलं केलं होतं. तो जेवता जेवता म्हणाला, "त्या माहीमवाल्याला म्हणावं ये आता बघायला."

आणि तो खरंच आला. आंटीनेच बोलावलं होतं. दगडू तेव्हा हिशेबाने तिथेच थांबला होता, म्हणजे ॲलिस्टर बघताना आपल्याला त्याचं तोंड बघता यावं. ॲलिस्टरने गाडीभोवती एक फेरी घातली. शिवणीवरून हात फिरवला, थांबला, परत फिरवला. भरलेल्या भेगा शोधायला लागला आणि त्याला त्या सापडेनात. दगडूचा जीव सुपाएवढा झाला. मग ॲलिस्टरचा हात मागच्या कोपऱ्यावर आला. अंगठा दाबला गेला. दगडूने लांबूनही तो आवाज ऐकला, किंवा त्याला तसं वाटलं.

ॲलिस्टरने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. आंटी दोघांच्या मधेच उभी होती.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"एकदम फर्स्ट क्लास, आंटी," ॲलिस्टर म्हणाला. "असं काम मला जमलं नसतं."

एवढं बोलून तो गेला. दगडूला वाटलं, कुणीतरी सगळ्यांसमोर आपल्या मुस्काटात मारली असती तर बरं. त्याला कळलंय. कळूनही बोलला नाही. म्हणजे मशीन त्याची, दुकान त्याचं, पेपरातला फोटो त्याचा, आणि वर मोठं मनसुद्धा त्याचंच! आपल्याला दया दाखवतो! इतकी वर्षं दगडू त्याच्या हातच्या कामावर जळत होता. आता तो त्याच्या चांगुलपणावर जळायला लागला, आणि हे जळणं आधीच्यापेक्षा वाईट होतं.

त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष लागेना. एका टॅक्सीची सीट त्याने उलटी शिवली. शेवंतीने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता तिने विचारलं, "काय झाला तुमका?"

"काय नाय."

"तुमचा तोंड सांगता. त्या ॲलिस्टराचा काय?"

दगडूने तिला सगळं सांगितलं. अंगठ्याखालच्या आवाजासकट. शेवंती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

"तेचो राग आसा तो आसा," ती म्हणाली. "पण त्या म्हातारेन तुमचा काय घोडा मारल्यान? तेच्यावरचो राग तिच्या गाडयेवर काढलात?"

दगडू कपडे करून गिरगावात गेला. जाताना अजून त्याचं मन कच खात होतं. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असं तो स्वतःला समजावत होता. वाडीत पोचला तर गाडी उघडी उन्हात उभी. ताडपत्री कुठे दिसेना.

"दिली रे कोळणीला, माशांच्या टोपल्या झाकायला," आंटी खुशीत म्हणाली. "आता कशाला झाकायची? तू म्हणालास ना, काही होत नाही. येता-जाता दिसू दे."

दगडू पायरीवर बसला. "आंटी, मी तुमच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. तो उठला, तिला गाडीपाशी नेलं आणि तिचं बोट टपाच्या मागच्या कोपऱ्यावर दाबलं. तिने आवाज ऐकला. "हा गंज आहे. आतून पत्रा सडलाय. ॲलिस्टर म्हणाला ते खरं होतं. मला तेव्हाच माहीत होतं."

"मग का बोललास असं?"

"तो बोलला म्हणून."

आंटीने बोट कोपऱ्यावरून काढून घेतलं. मग म्हणाली, "ज्यो मला सांगायचा, माझी दोन पोरं आहेत, एक एका कुशीवर झोपतं, दुसरं दुसऱ्या. तोंडं कधी एकमेकांकडे नाहीत." ती घराकडे वळली. "मला लग्नात ही गाडी पाहिजे, आणि हेच टप पाहिजे. कसं ते तू बघ. पाव खाल्ल्याशिवाय जाऊ नकोस," असंही म्हणाली, पण पाव आणून ठेवताना बशी जरा जोरात ठेवली.

आता खरी पंचाईत होती. पत्रा दुरुस्त करायचा तर रेक्झिन मागच्या बाजूने हातभर उचलायला हवं. पन्नास वर्षांचं वाळलेलं रेक्झिन उचलताना कागदासारखं फाटतं. वरून गरम करावं तर दगडूने भेगांत भरलेलं वितळणार. त्याने सगळ्या बाजूंनी विचार केला. शेवटी माहीमला गेला. काचेचं दार ढकलून आत शिरला.

ॲलिस्टर टेबलावर रेक्झिन बेतत होता. दगडूने उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं. ॲलिस्टरने कात्री खाली ठेवली.

"तुला कळलं होतं ना?" दगडूने विचारलं. "मग आंटीला का नाही सांगितलंस? माझ्यावर उपकार केलेस?"

"उपकार?" ॲलिस्टर हसला, पण हसू धड आलं नाही. "खरं सांगू? सांगणार होतो. दोनदा फोन हातात घेतला. मग म्हटलं, नको. पावसाळ्यात गळेल, सगळं वर येईल, आणि आंटी माझ्याकडे येईल. मला ते बघायचं होतं, दगड्या. ती शिवण बघून मी घरी गेलो ना, मला जेवण गेलं नाही. मामाच्याच भोकातून टाके घातलेस! मामा आयुष्यभर मला म्हणायचा, नवं काय कुणीपण शिवेल. आयुष्यभर."

दगडू त्याच्याकडे बघतच राहिला. राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण त्याला त्या सोफ्यावर बसावंसं वाटलं आणि तो बसला. माहीमच्या काचेच्या दुकानातला हा माणूस आपल्यावर जळत होता! इतकी वर्षं ही आग आपण एकट्यानेच पाळली असं तो समजत होता.

"हरामखोर आहेस," तो म्हणाला.

"तू पण," ॲलिस्टर म्हणाला. "चहा घेणार?"

चार दिवस दोघांनी मिळून काम केलं. ॲलिस्टरची युक्ती अशी, की गरम वरून करायचंच नाही. त्याने गाडीतलं आतलं छत उतरवलं आणि दोन मोठे दिवे आतून पत्र्याला लावले. पत्रा तापला, खालचं सोल्युशन मऊ झालं, आणि रेक्झिन सायीसारखं सुटत आलं. भरलेल्या भेगांना धक्कासुद्धा लागला नाही. दगडूच्या मनात आलं, हे आपल्याला का नाही सुचलं? आणि पुन्हा ती ओळखीची कळ उठली, अगदी पहिल्यासारखी.

खाली पत्र्याला दोन भोकं होती, रुपयाच्या नाण्याएवढी, आणि भोवती तपकिरी चाळण. पत्र्याचं काम करणाऱ्या ओळखीच्या डेंटरने, रेक्झिन जळू नये म्हणून भोवती ओलं गोणपाट लावून, नवा पत्रा जोडला. घासून, रंगाचा पहिला हात देऊन, पट्टीची भोकं बुजवून झाली. मग रेक्झिन परत ताणायला घेतलं, तर ते अर्धा इंच कमी पडलं. उचलल्यावर आकसलं होतं.

"संपलं," ॲलिस्टर म्हणाला. "आता नवीनच."

"थांब रे." दगडूने मागच्या सीटच्या आतल्या भागातून, जिथे कुणी बघत नाही, त्याच जुन्या काळ्या रेक्झिनची बोटभर पट्टी काढली. ती कडेला आतून जोडली, वाकड्या सुईने, जोड बरोबर चकचकीत पट्टीच्या खाली जाईल असा. ॲलिस्टर दिवा धरून उभा होता. दगडूला न बघताही कळत होतं की त्याचं लक्ष आपल्या बोटांवर आहे. दिवा अधूनमधून हलत होता.

"नीट धर," दगडू म्हणाला.

"धरलाय."

"डोळे माझ्या हातावर, दिवा आभाळात."

डिसेंबरातल्या लग्नाच्या दिवशी डॉज वाडीतून निघायला तयार झाली तेव्हा दोघंही सूट घालून हजर होते. दगडूचा सूट शेवंतीने भाचीच्या लग्नासाठी शिवून घेतलेला, पोटावर जरा ताणलेला. लोक टपाकडे बघून वाहवा करत होते. आंटी प्रत्येकाला सांगत होती, "ॲलिस्टर आणि दगडूने केलं. ॲलिस्टर आणि दगडूने."

चौथ्यांदा ऐकल्यावर दगडू शेवंतीला हळूच म्हणाला, "त्याचं नाव आधी का?"

"गप ऱ्हवा," शेवंती म्हणाली.

मागे ॲलिसन, तिचे वडील आणि आंटी बसली. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एकच जागा होती. आंटीने खिडकीतून हात बाहेर काढला. "दगडू, तू बस. वाटेत काही सुटलं, निघालं तर?"

काही सुटणार नव्हतं, हे आंटी, दगडू आणि ॲलिस्टर तिघांनाही ठाऊक होतं. दगडू बसला. गाडी हलली तेव्हा त्याने आरशात बघितलं. ॲलिस्टर वाडीच्या तोंडाशी खिशात हात घालून उभा होता आणि गाडीकडे एकटक बघत होता. दगडूला बरं वाटलं. हे बरं वाटणं काही फार चांगलं नाही, हे त्याचं त्याला कळत होतं. तरी चर्च येईपर्यंत ते तसंच राहिलं, आणि उतरताना त्याने टपाच्या कडेवरून एकदा हात फिरवून घेतला.